रुजणे आणि उगवणे : तणनाशकाच्या वेळेविषयी काही विचार

बी मातीत पडल्यापासून त्याचे रोप डोळ्यांना दिसेपर्यंत जे काही घडते, ते आपण नागर माणसे ‘उगवणे’ या एका शब्दात गुंडाळून टाकतो. शेतकरी तसे करीत नाही. त्याच्या बोलीत बी आधी भिजते, मग फुगते, मग रुजते, त्याला मोड येतो आणि सर्वांत शेवटी ते उगवते. रुजणे हे मातीच्या आत घडते. उगवणे हे मातीच्या वर दिसते. या दोहोंमध्ये काही दिवसांचे अंतर असते. ते अंतर कोणी पाहिलेले नसते, कारण ते अंधारात घडते. प्रस्तुत लेखाचा विषय हेच अंतर होय.

तण उगवण्यापूर्वी जमिनीवर फवारावयाच्या तणनाशकांसंबंधी एक माहितीपुस्तिका काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अनुवादासाठी आली होती. मी मराठीचा विद्यार्थी. शेतीशास्त्राशी माझा संबंध अनुवादकाच्या नात्याने आलेला. मूळ शब्दाला मी पहिल्या मसुद्यात ‘पेरणीपूर्व’ असा प्रतिशब्द योजला. तो कानाला गोड लागत होता व शेतकऱ्यांच्या परिचयाचाही होता. मसुदा तपासणाऱ्या शेतीतज्ज्ञांनी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि समासात एवढेच लिहिले, “असे छापले तर पीक जाईल.” त्या शब्दाच्या जागी ‘उगवणीपूर्व’ आला आणि पुस्तिका छापली गेली. तथापि त्या एका वाक्याने माझी झोप उडविली, हे कबूल केले पाहिजे. कादंबरीच्या अनुवादात शब्द चुकला तर वाक्य बिघडते. येथे शब्द चुकला असता तर कोणाचा तरी हंगाम बिघडला असता. तेव्हापासून या विषयाचा मी जो अभ्यास केला, त्यातून माझे एक मत बनले आहे. तणनाशक केव्हा फवारावे, हे शेतकऱ्याला दिवसांच्या आकड्यात सांगून भागत नाही. त्या आकड्यामागचे कारण त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे. कारण ठाऊक नसलेला आकडा अडचणीच्या वेळी उपयोगी पडत नाही.

हे मत केवळ शब्दांच्या आवडीतून आलेले नाही. त्यामागे पंजाब व हरियाणा या दोन राज्यांतील गव्हाच्या शेतांचा इतिहास आहे. तेथे भातानंतर गहू आणि गव्हानंतर भात हे चक्र वर्षानुवर्षे चालू आहे. या गव्हात फॅलॅरिस मायनर नावाचे एक गवत माजते. पंजाबात त्याला गुल्ली डंडा म्हणतात. आपल्या विटीदांडूला तिकडे जे नाव, तेच या तणाला. हरियाणात ते मंडूसी या नावाने ओळखले जाते. लहानपणी हे गवत हुबेहूब गव्हासारखे दिसते. ओंबी बाहेर पडेपर्यंत अनुभवी मजूरही त्याला खात्रीने निवडून काढू शकत नाही आणि ओंबी बाहेर पडेपर्यंत गव्हाच्या वाट्याचे अन्न, पाणी व ऊन त्याने खाऊन टाकलेले असते. खुरपणीने या शत्रूचा बंदोबस्त होत नाही तो यामुळेच.

या तणावर आयसोप्रोट्युरॉन हे औषध लागू पडले. पेरणीनंतर सुमारे महिन्याने, पहिल्या पाण्याच्या सुमारास, तण उगवून आलेले असताना ते वापरण्याची रीत पडली. औषध स्वस्त होते व परिणामकारक होते. म्हणून दहा-पंधरा वर्षे त्याच शेतात, त्याच पिकात, तेच औषध पडत राहिले. १९९०च्या दशकाच्या आरंभी हरियाणातील शेतांतून तक्रारी येऊ लागल्या की औषध मारूनही गवत मरत नाही. औषधात भेसळ असावी, असा पहिला संशय आला. हिसार येथील कृषी विद्यापीठातील आर. के. मलिक व समुंदर सिंग यांनी निरनिराळ्या शेतांतील बी गोळा करून पडताळा पाहिला. दोष औषधात नव्हता. ते पचवून टाकणारी तणाची पिढीच तयार झाली होती. त्यांचा शोधनिबंध १९९५ साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत काही शेतकऱ्यांवर दाणा न भरलेला हिरवा गहू चारा म्हणून कापण्याची पाळी आली होती.

पुढे १९९७-९८ च्या सुमारास क्लोडिनाफॉप, फेनोक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन ही नवी औषधे आली. ती देखील उगवलेल्या तणावर मारावयाची होती. काही वर्षे दिलासा मिळाला. मग त्यांनाही दाद न देणारे गवत दिसू लागले. उगवून आलेल्या तणावर एका पाठोपाठ एक औषध वापरण्याचा मार्ग असा अरुंद होत गेला, तेव्हा उगवण्याआधीच तणाला अडविणाऱ्या औषधांकडे पुन्हा लक्ष वळले. पेंडिमेथॅलिन हे त्यांतील जुने व परिचित नाव. अलीकडे पायरॉक्सासल्फोनचीही त्यात भर पडली आहे. ही औषधे गुणकारी आहेत खरी; पण त्यांची एक अट आहे. उगवलेल्या तणावरचे औषध चार दिवस उशिरा मारले तर गुण कमी येतो. उगवणीपूर्व औषध चार दिवस उशिरा मारले तर खर्च होतो आणि गुण जवळजवळ येतच नाही. असे का व्हावे?

यासाठी जमिनीच्या वरच्या चार-पाच सेंटिमीटरांत काय घडते, ते पाहू. पेंडिमेथॅलिन पाण्यात फारच थोडे विरघळते; एक लिटर पाण्यात पुरते एक मिलिग्रॅमही नाही. मातीच्या कणांना, विशेषतः कुजलेल्या सेंद्रिय अंशाला, ते घट्ट चिकटते. त्यामुळे फवारल्यावर ते खोल झिरपत नाही. जमिनीच्या पाठीवर त्याचा एक पातळ थर बसतो. गव्हासाठी हेक्टरी साधारण १ किलो क्रियाशील द्रव्य वापरतात. एका चौरस मीटरला हे एक दशांश ग्रॅम झाले. एवढ्या अल्प द्रव्याने सबंध शेताला पांघरूण घालावयाचे असते. या पांघरुणाला एखादे भोक पडले, तर त्या भोकातून तण वर येणार हे उघड आहे.

हे औषध बी मारीत नाही, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. कोरडे, निद्रिस्त बी त्या थरात पडून राहिले तरी त्याला काही होत नाही. बी रुजले, मूळ व कोंब बाहेर पडले आणि त्यांची कोवळी टोके त्या थरात शिरली, म्हणजे औषधाचे काम सुरू होते. पेशी दोन होताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढून नेणाऱ्या अतिसूक्ष्म नलिका असतात. त्या नलिकांची जुळणीच हे द्रव्य होऊ देत नाही. पेशींचे विभाजन थांबते, मुळाचे टोक सुजून आखूड राहते आणि रोप मातीतच संपते. याचा अर्थ असा की, या औषधाला तणाच्या सबंध आयुष्यातील एकच लहानसा काळ मोकळा असतो. तो रुजण्यानंतरचा आणि उगवण्यापूर्वीचा. कोंब एकदा मातीबाहेर आला, त्याने हिरवे पान उघडले व मुळे खाली गेली, की तो त्या थराच्या कह्यातून सुटला.

मग गहू का मरत नाही? गव्हालाही रुजावे लागते व उगवावे लागते. गव्हाचे रक्षण मुख्यतः त्याच्या जागेने होते. पेरणीयंत्राने तो सुमारे ५ सेंटिमीटर खोल पडतो. त्याची मुळे औषधाच्या थराखाली फुटतात व खालीच वाढतात. कोंबाला तेवढा थर ओलांडावा लागतो. पण गव्हाच्या दाण्यात शिदोरी मोठी असते. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅमांच्या घरात जाते, तर गुल्ली डंडाच्या हजार बियांचे २ ग्रॅमांच्या आसपास. एवढ्याशा बियाला खोलवरून वर येण्याचे बळ नसते. ते वरच्या थरातच रुजते व तेथेच औषधाच्या तावडीत सापडते. एकाच औषधाने एक गवत मरते आणि दुसरे जगते, याचे बरेचसे रहस्य या चार-पाच सेंटिमीटरांत आहे.

आता माझ्या चुकलेल्या शब्दाचा अनर्थ वाचकांच्या ध्यानी येईल. ‘पेरणीपूर्व’ असे वाचून शेतकऱ्याने आधी औषध फवारले असते आणि मग त्यावरून वखर व पेरणीयंत्र फिरविले असते. पांघरूण फाटले असते. औषध दाण्यांच्या खोलीपर्यंत मिसळले असते. ज्या थराने तणाला अडवावयाचे तो विस्कटला असता आणि ज्या दाण्याला वाचवावयाचे त्याच्याच मुळाशी औषध गेले असते.

यावर कोणी म्हणेल, “मग ‘पेरणीनंतर तीन दिवसांच्या आत’ एवढे स्पष्ट छापावे, शेतकऱ्याला पेशीविभाजनाशी काय करावयाचे आहे?” हा आक्षेप वरवर व्यवहारी दिसतो, पण माझ्या मते तो व्यवहारात टिकत नाही. पहिली गोष्ट अशी की, ‘तीन दिवसांच्या आत’ ही शेवटची सीमा आहे. पुष्कळ जण ती ‘तिसऱ्या दिवशी’ अशी वाचतात. दुसरी गोष्ट, हे दिवस मोजावयाचे कोठून? दहा एकरांची पेरणी तीन दिवस चालली, तर पहिल्या तुकड्याचा तिसरा दिवस हा शेवटच्या तुकड्याचा पहिला दिवस असतो. सगळे शेत पेरून झाल्यावर मग एकदमच फवारू, असा बेत करणारा शेतकरी पहिल्या तुकड्याची वेळ गमावून बसतो. तिसरी गोष्ट, बियांचे घड्याळ उष्णतेवर चालते. ऑक्टोबरच्या अखेरीस, जमीन उबदार असताना, पेरलेला गहू पाच-सहा दिवसांत वर येतो. डिसेंबरच्या थंडीत त्याला त्याहून बरेच अधिक दिवस लागतात. आकडा तोच राहतो. त्याच्या पाठीमागची घटना मात्र पुढे-मागे सरकते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ओलाव्याची आहे. पंजाबात पेरणीपूर्वी शेताला जे पाणी देतात, त्याला रौणी म्हणतात. ते पाणी मुरून जमीन पेरण्याजोगी झाली, म्हणजे ‘वत्तर’ आली असे म्हणतात. आपल्याकडे याच अवस्थेला ‘वाफसा’ हा नेमका शब्द आहे. वाफशावर पेरलेल्या जमिनीची पाठ ओलसर असते, तोवर औषध तीवर सारखे पसरते आणि मातीतील ओलाव्याच्या द्वारा कोंबापर्यंत पोहोचते. जमिनीची पाठ सुकून पांढरी पडली, म्हणजे तेच औषध कोरड्या मातीवर पडून राहते. काही उन्हाने नासते, काही वाफ होऊन उडते. म्हणून पेरणी झालेल्या तुकड्यावर शक्यतो त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी, ओल असताना फवारणी करावी, हा सल्ला ‘तीन दिवस’ या आकड्यापेक्षा अधिक शहाणपणाचा आहे. ज्याला ओलीचे कारण समजले, तो शेतकरी पश्चिमेचा कोरडा वारा सुटलेला पाहून दुसऱ्या दिवसाची वाट पाहणार नाही. ज्याला केवळ आकडा ठाऊक आहे, तो तिसऱ्या दिवशी सुकलेल्या जमिनीवर फवारील आणि आज्ञा तंतोतंत पाळल्याचे समाधान मानील.

आकडा हा कारणाचा चाकर असतो, याचे एक परदेशी उदाहरण बोलके आहे. ऑस्ट्रेलियातील गव्हाच्या कोरडवाहू शेतांत रायगवत नावाचे तण असेच छळते. तेथे ट्रायफ्ल्युरालिन हे पेंडिमेथॅलिनच्याच कुळातील औषध वापरतात. पण ते पेरणीच्या अगोदर फवारतात! हा विरोध केवळ दिसण्यापुरता आहे. ट्रायफ्ल्युरालिन उघड्यावर फार लवकर उडून जाते, म्हणून त्यावर माती पडणे अवश्य असते. तेथील पेरणीयंत्राचा अरुंद फाळ सरीतील माती बाजूला फेकतो. त्यामुळे बी पडते त्या ओळीवरील औषधी माती दूर होते आणि दोन ओळींमधील औषध मातीने झाकले जाते. तेथेही पिकाचा दाणा व औषध यांत अंतर राखले जाते आणि तणाचा कोंब औषधात सापडतो. तत्त्व एकच, द्रव्य निराळे, यंत्र निराळे, म्हणून वेळ निराळी. माझा चुकलेला शब्द तेथे बरोबर ठरला असता. जो नियम एका देशात पीक वाचवितो तोच दुसऱ्या देशात बुडवितो, तर नियम घोकून घेण्यापेक्षा त्याचे कारण समजून घेणे श्रेयस्कर नव्हे काय?

उगवणीपूर्व फवारणीवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, त्याचाही विचार केला पाहिजे. शत्रू दिसण्याआधीच शस्त्र चालविणे हे आंधळेपणाचे नाही काय? तण उगवलेच नाही तर खर्चही वाया आणि जमिनीत रसायनही विनाकारण. या आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक शेतात डोळे मिटून औषध ओतावे, असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. तथापि शेत म्हणजे काही कोरी पाटी नव्हे. गेल्या वर्षी ज्या तुकड्यात गुल्ली डंडाच्या ओंब्या गव्हाच्या वर डोलत होत्या, त्या तुकड्यात तिचे बी पडलेले आहेच. ते यंदा येणार हे सांगावयास ज्योतिषी नको. ज्याने गेल्या हंगामात आपले शेत पाहून ठेवले व टिपून ठेवले, त्याची फवारणी आंधळी नसते.

तसेच हे औषध एकट्याने लढाई जिंकून देईल, अशा भ्रमातही राहू नये. आयसोप्रोट्युरॉनने जो धडा दिला, तो उगवणीपूर्व औषधांनाही लागू आहे; एकाच औषधावर वर्षानुवर्षे विसंबले, तर आज ना उद्या तेही निकामी होईल. पहिल्या पाण्यानंतर तणाची दुसरी लाट येते. ती सगळीच या थराने अडत नाही. म्हणून ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर आरंभ अशी लवकर पेरणी करून, थंडी आवडणाऱ्या या गवताच्या आधी गव्हाला वर काढणे. शक्य तेथे न नांगरता पेरून खालचे बी वर न आणणे. मधूनमधून बरसीमसारखे वारंवार कापले जाणारे चाऱ्याचे पीक घेणे. गव्हाचे बियाणे निवडून स्वच्छ करणे. आणि वाचलेले तण बी धरण्यापूर्वी उपटणे, हे सारे उपाय जोडीला असले पाहिजेत. भाताचे काड जाळल्यावर उरणारी राख औषध शोषून घेते व त्याचा गुण कमी करते. काड जाळण्याच्या प्रथेविरुद्ध असलेल्या अनेक कारणांत हेही एक कारण जमेस धरावे. औषध वाळूत किंवा युरियात कालवून हाताने फेकण्याची सवयही येथे घातक आहे. चौरस मीटरला एक दशांश ग्रॅम द्रव्य मुठीने सारखे पसरत नाही. त्यासाठी सपाट झोताचे तोंड असलेला पंप व पुरेसे पाणी हवे. हातमोजे, नाकावर कापड आणि वाऱ्याकडे लक्ष ही पथ्ये तर अर्थातच आहेत.

शाळांतील विद्यार्थ्यांनी या विषयाचा अनुभव स्वतः घ्यावा, अशी माझी सूचना आहे. त्यासाठी कोणत्याही औषधाची गरज नाही आणि ते हाताळूही नये. काचेच्या तीन-चार बरण्या घ्याव्यात. त्यांत ओलसर माती भरून काचेला लागून गव्हाचे दाणे व राजगिऱ्याचे दाणे, काही १ सेंटिमीटर व काही ५ सेंटिमीटर खोल, पेरावेत आणि बरण्यांना काळा कागद गुंडाळावा. रोज कागद सोडून पाहावे व वहीत दोन तारखा लिहाव्यात : बी रुजले केव्हा आणि उगवले केव्हा. एक बरणी उबेत व एक थंड जागी ठेवावी. पाच सेंटिमीटर खोल गेलेल्या राजगिऱ्याचे काय होते, तेही पाहावे. त्या दोन तारखांमधील जे दिवस वहीत दिसतील, त्यांतच हे सारे शास्त्र घडते. एका बरणीतील ते दिवस दुसऱ्या बरणीशी जुळत नाहीत, हे ज्याने पाहिले, तो पुढे कोणत्याही पुस्तिकेतील आकडा डोळे मिटून स्वीकारणार नाही.

शेवटी माझ्या स्वतःच्या व्यवसायाकडे वळतो. आपल्या देशात १९६८ चा कीटकनाशक अधिनियम व त्याखालील १९७१ चे नियम तणनाशकांनाही लागू आहेत आणि औषधासोबतचे माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही असावे, असा दंडक आहे. कायद्याने भाषेचा मान राखला. पण पत्रक मराठीत छापले म्हणजे ते मराठीत सांगितले गेले, असे होत नाही. ‘उगवणीपूर्व’ हा शब्द बरोबर आहे; तरी तो एकटा पुरेसा नाही. त्याच्या शेजारी एक साधे वाक्य हवे : “बी पेरल्यावर, जमिनीत ओल असताना, तण रुजून वर येण्याच्या आत फवारा; वर आलेल्या तणावर या औषधाचा उपयोग नाही.” या वाक्यात एकही पारिभाषिक शब्द नाही. ते लिहावयास अर्धी ओळ अधिक लागते, एवढेच.

विज्ञान लोकभाषेत आणणे म्हणजे परक्या शब्दांना देशी पोशाख चढविणे, असा एक समज आहे. मला आलेला अनुभव उलटा आहे. रुजणे, उगवणे, वाफसा हे शब्द आपल्या भाषेत आधीपासून उभे होते. शास्त्राने जो भेद प्रयोगशाळेत सिद्ध केला, तो शेतकऱ्याच्या जिभेवर पूर्वीच होता. तो भेद न वापरता मी एक सोयीचा शब्द उचलला, आणि तेवढ्या आळसाने कोणाचे तरी शेत तणाखाली गेले असते. लाल रेघ ओढलेले ते पान मी जपून ठेवले आहे. नवी पुस्तिका अनुवादाला घेण्यापूर्वी मी ते एकदा काढून पाहतो.